तो किरण, ती किरण: एकाच नावाच्या स्त्री-पुरुषांनी गावात आणि कागदावर नाव कसे सांभाळावे

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात दोन किरण आहेत. एक मी, आणि दुसरी भावकीतल्या घरात लग्न होऊन आलेली माझी वहिनी. आडनाव अर्थातच एक आहे. योगायोग एवढ्यावरच थांबला असता तर हे लिहिण्याची गरज पडली नसती. परंतु माझ्या वडिलांचे जे नाव तेच तिच्या नवऱ्याचे असल्यामुळे, पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशा आपल्या नेहमीच्या क्रमाने लिहिले की आम्हा दोघांचे संपूर्ण नाव काना-मात्रेसह सारखे होते. त्यातून झालेले घोळ निस्तरताना तहसील, बँक, शाळा आणि दवाखाना अशा चारही ठिकाणी मी चपला झिजवल्या. तेव्हा जे कळले ते किरण, शशी, कमल, सुमन, शीतल, कांचन, विमल, निर्मल, मंगल, गुलाब यांपैकी कोणतेही नाव असलेल्या बाईमाणसाला आणि गड्यालाही उपयोगी पडेल, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो आहे.

घोळ पहिल्या नावात नसतो

अशी नावे दोघांनाही का चालतात हे आधी समजून घ्यावे, कारण "पोरीचं नाव पोट्ट्याले ठेवलं" हा टोमणा ऐकणाऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक असलेले बरे. सुमन, कमल, कांचन हे शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी आहेत, म्हणजे ते मुळातच ना पुरुषाचे ना बाईचे. शीतल, विमल, निर्मल ही विशेषणे आहेत. त्यांना 'आ' जोडला की शीतला, विमला, निर्मला अशी उघड स्त्रीलिंगी रूपे होतात, पण बोलताना तो 'आ' गळून पडला आणि उरलेले रूप बायकांच्या नावात रुळले. त्याच वेळी जैन घरांत शीतल हे पुरुषाचे नाव म्हणूनही टिकले, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ आणि तेरावे विमलनाथ. किरण आणि शशी हे शब्द पुल्लिंगी असूनही किरण मोरे यष्टिरक्षक झाले तशा किरण बेदी १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. शशी कपूर अभिनेते होते आणि शशी देशपांडे कादंबरीकार आहेत. तेव्हा नाव ठेवणाऱ्या आत्याची यात काही चूक नाही.

बोलताना मराठीत अडचणही फारशी येत नाही. "किरण आला" आणि "किरण आली" यांत क्रियापदच सगळे सांगून टाकते. फसगत होते ती "किरणचा फोन होता" किंवा "किरणले सांगजा" अशा वाक्यांत, कारण तेथे क्रियापद नावाच्या माणसाशी जुळत नाही. छापील अर्जात तर क्रियापदच नसते. तेथे नाव एकटे उभे असते आणि त्याला ओळख द्यायला मधल्या नावाखेरीज दुसरे कोणी नसते.

खरी अडचण या मधल्या नावातच आहे, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मुलाच्या आणि अविवाहित मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, तर लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचे. समजा कागदावर 'किरण महादेव' असे लिहिले आहे. हा महादेवाचा मुलगा असेल, मुलगी असेल, किंवा बायको असेल. तीन वेगळी माणसे, तीन वेगळी नाती, आणि कागदावर अक्षर तेच. पहिले नाव एकट्या बाईचे किंवा एकट्या पुरुषाचे असले तर वाचणारा निदान अर्धे कोडे सोडवतो, पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत तोही आधार उरत नाही. म्हणून कोठेही नाव लिहिताना नाते शब्दांत लिहावे, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम समजावा. 'मुलगा', 'मुलगी', 'पत्नी' यांपैकी एक शब्द, जन्मतारीख, आणि आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, एवढे तीन तपशील मी आता साध्या अर्जावरसुद्धा नावाखाली लिहितो. अर्जात तशी जागा नसेल तर समासात लिहितो. त्यावर कोणी अजून हरकत घेतलेली नाही.

गावात आणि घरात

गावात या प्रश्नाचे उत्तर लोकांनी फार पूर्वीच शोधून ठेवलेले आहे. नावाला भाऊ, ताई, वहिनी, काका, काकू लागले की गोंधळ संपतो. वऱ्हाडात तर राव आणि बाई ही शेपटे नावाचाच भाग असल्यासारखी चिकटतात: गडी असला तर गुलाबराव, बाई असली तर गुलाबबाई. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी येथे १८८१ मध्ये जन्मलेले संत गुलाबराव महाराज तर स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत आणि श्रीकृष्णाची पत्नी या भावाने स्त्रियांचे अलंकार घालत. त्यांच्या नावातले राव त्यांनी कधी आड येऊ दिले नाही, आणि वऱ्हाडानेही त्यांना महाराज म्हणूनच डोक्यावर घेतले. हे विषयाला थोडे सोडून झाले, पण नावावरून माणूस ठरवण्याची घाई आपल्या मातीत नवीन आहे असे मला वाटते.

शेपटाचा एक तोटा मात्र कागदावर होतो. जुन्या सातबाऱ्यावर 'गुलाबराव', आधार कार्डावर नुसते 'गुलाब' आणि बँकेच्या पासबुकावर पुन्हा 'गुलाबराव' असे असले की संगणक त्यांना तीन माणसे समजतो. बोलण्यात राव आणि बाई खुशाल वापरावे, परंतु सगळ्या कागदांवर एकच रूप ठेवावे; ते शेपटासह असावे की शेपटाशिवाय, हे जन्माच्या दाखल्यावर किंवा शाळेच्या दाखल्यावर जे असेल त्यावरून ठरवावे.

भावकीत लग्न जुळवताना हा विषय अधिक नाजूक होतो. सासरे किंवा भासरे (थोरले दीर) यांच्या नावाची सून आली तर पूर्वी तिचे नाव बदलल्याशिवाय गत्यंतर नसे, कारण वडीलधाऱ्याचे नाव उच्चारायचे नाही आणि सुनेला हाक तर मारायची आहे. मग तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई. माझ्या आजीच्या पिढीतल्या एका बाईचे आणि तिच्या नवऱ्याचे नाव एकच होते. शिरगणतीला आलेल्या गुरुजींनी नाव विचारले तेव्हा नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून तिने स्वतःचेही सांगितले नाही, शेवटी ते शेजारणीने सांगितले, असे आमच्या घरी हसत सांगत असत.

आजच्या नवऱ्यामुलीला माझे सांगणे एवढेच आहे की सासरी हाक मारण्यासाठी दुसरे नाव ठेवले तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, पण कागदावरचे नाव त्या हौसेपोटी बदलू नये. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. अर्धे कागद माहेरच्या नावाचे आणि अर्धे सासरच्या नावाचे, ही स्थिती एकसारख्या नावाच्या घोळापेक्षाही वाईट असते.

वधू आणि वर दोघांचेही नाव एकच असेल तर पत्रिकेत अडचण येत नाही, कारण 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ही अक्षरे आपापले काम चोख करतात. अडचण लग्नानंतर येते. बायकोचे नाव आपल्या रीतीने लिहिले तर 'किरण किरण अमुक' असे होते, आणि संगणकावर बसलेला मुलगा हमखास समजतो की नाव चुकून दोनदा पडले, म्हणून त्यातले एक खोडून टाकतो. अशा जोडप्यातील पत्नीने माहेरचे नाव आणि मधले नाव तसेच ठेवणे सर्वांत सोयीचे आहे. उखाण्याचे मात्र तिने स्वतःच पाहावे. स्वतःचेच नाव घेऊन उखाणा पूर्ण करण्याची सवलत फार थोड्या बायकांना मिळते.

आधार आणि बँक

कागदांच्या कामाला आधारपासून सुरुवात करावी, कारण बाकीचे बहुतेक कागद आता त्याकडे पाहून तयार होतात. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा बदलता येते, पण लिंगाची आणि जन्मतारखेची नोंद फक्त एकदाच बदलता येते, हे लक्षात ठेवावे. आमच्यासारख्या नावांच्या बाबतीत नोंदणी करणारा माणूस समोर न पाहता सवयीने 'पुरुष' किंवा 'स्त्री' निवडतो, असे मी दोनदा पाहिले आहे. नोंदणी केंद्रावर अर्जदाराकडे तोंड केलेला दुसरा पडदा असतो. तो शोभेचा नाही. त्यावरची प्रत्येक ओळ वाचावी, चष्मा घरी राहिला असेल तर सोबतच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगावे, आणि पावती हातात आल्यावर ती पुन्हा एकदा तपासूनच खुर्ची सोडावी.

चुकीच्या नोंदीची किंमत आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात, आणि ते आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. आधारवर 'पुरुष' अशी नोंद असलेल्या किरणताईने तेथे कितीही सांगितले तरी उपयोग नाही; आधी आधार दुरुस्त करावे, मगच योजनेकडे वळावे. उलट बाजूने, एखाद्या किरणभाऊची नोंद चुकून 'स्त्री' अशी झाली असेल आणि त्यामुळे काही लाभ आपोआप पदरात पडत असेल, तर गप्प बसण्यात शहाणपण नाही. अशा रकमा पडताळणीत उघड होतात आणि परत मागितल्या जातात.

बँकेतला घोळ मात्र वेगळ्या कारणाने होतो, आणि तो मी स्वतः भोगला आहे. एका वर्षी अतिवृष्टीने सोयाबीन गेले आणि नुकसानीचे अनुदान गावात जवळजवळ सर्वांच्या खात्यात आले, माझ्या खात्यात मात्र आले नाही. पंधरा दिवस मी चौकशी करत होतो. शेवटी कळले की एका बँकेत वहिनीचे खाते उघडताना तिच्या खात्याला माझा आधार क्रमांक जोडला गेला होता, आणि माझे पैसे तिच्या खात्यात सुखरूप पोहोचले होते. सरकारी अनुदान थेट जमा होताना नाव पाहिले जात नाही. आधार क्रमांक ज्या खात्याला शेवटचा जोडलेला असेल त्या खात्यात पैसे जातात. नावे सारखी असल्यामुळे चूक त्या कर्मचाऱ्याच्या नजरेत आली नाही, एवढीच नावाची भूमिका.

वहिनीने दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत बँकेत येऊन पैसे काढून दिले. तरीही पानठेल्यावर पुढचा महिनाभर "किरणनं किरणचे पैसे खाल्ले" अशी चर्चा चालली, ज्यात कोणी कोणाचे खाल्ले हे वाक्यावरून कळण्याची सोयच नव्हती.

म्हणून आपल्या नावाचे दुसरे माणूस गावात असेल तर वर्षातून दोनदा, शक्यतो खरीप आणि रब्बीच्या अनुदानाच्या हंगामाआधी, आपला आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते तपासावे. आधारच्या संकेतस्थळावर ही स्थिती दिसते. घरी जमत नसेल तर सेवा केंद्रावर पाच मिनिटांचे काम आहे. चुकीच्या बँकेचे नाव दिसले तर आपल्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज नव्याने द्यावा, आणि त्याच दिवशी दुसऱ्या व्यक्तीनेही तिच्या खात्यासाठी स्वतःच्या आधारची छायांकित प्रत द्यावी. दोघांनी एकत्र गेल्यास काम एका फेरीत होते. आम्ही वेगवेगळे गेलो, म्हणून आम्हाला चार फेऱ्या लागल्या.

मोबाइल क्रमांकाचेही असेच आहे. दोन घरांत मिळून एकच फोन अशी स्थिती आता राहिलेली नाही, पण जुन्या अर्जांवर कोणाचा तरी एकच क्रमांक पडलेला असतो. त्यावर आलेला सांकेतिक क्रमांक (ओटीपी) दुसऱ्या किरणला विचारत फिरण्यापेक्षा प्रत्येकाने आपापला क्रमांक नोंदवून घ्यावा.

सातबारा आणि फेरफार

सातबाऱ्यावर लिंगाचा रकानाच नाही. तेथे नाव आणि खाते क्रमांक असतो, आणि नेमका हा खाते क्रमांकच आपला तारणहार आहे. शेतीसंबंधी कोणत्याही अर्जात नुसते नाव देऊ नये. गट क्रमांक आणि आठ-अ उताऱ्यावरचा खाते क्रमांक दोन्ही लिहावेत. शेतकरी संघटनेच्या आंदोलनानंतर आलेल्या लक्ष्मीमुक्ती योजनेमुळे आपल्या भागात बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची चांगली रीत पडली; पण महादेवाने आपल्या शेतात बायको किरणचे नाव लावले आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडे दुसऱ्या महादेवाच्या पश्चात त्याच्या मुलाचे, म्हणजे किरणचेच नाव लागले, तर एकाच शिवारात दोन 'किरण महादेव' तयार होतात.

वारसाची नोंद करताना तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, नावापुढे नाते लिहिलेच पाहिजे असा आग्रह धरावा. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस निघाल्यावर आक्षेपासाठी १५ दिवसांची मुदत असते. ती नोटीस चावडीवर लागली की फोटो काढून घरी आणावा आणि नाव, नाते, गट क्रमांक असा क्रम लावून वाचावा. मुदतीत आक्षेप घेणे सोपे असते, नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, मात्र तेथेही मूळ दस्तऐवज दाखवावा लागतो. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधार आणि जमीन यांची सांगड घातली जाते, तेव्हा दुसऱ्या किरणचे शेत आपल्या नावाखाली दिसू लागले तर खुशीने 'होय' दाबू नये. फुकटचे दोन एकर कोणाच्या नशिबात नसतात.

शिधापत्रिका आणि मतदार यादी

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरील ज्येष्ठ महिला असते. घरातल्या पुरुष किरणची नोंद 'स्त्री' अशी पडली आणि वयाने तोच मोठा निघाला, तर यंत्रणा त्यालाच कुटुंबप्रमुख समजू शकते. हे वाचायला गमतीचे वाटते, पण धान्य उचलताना अंगठा कोणाचा लागेल हा प्रश्न त्यात असतो. पुरवठा विभागात आधारची प्रत देऊन ही नोंद बदलून घ्यावी.

मतदार यादीत नाव, वय, लिंग, वडील किंवा पती यांचे नाव आणि छायाचित्र असते, म्हणून तेथे आमची ओळख बरीच सुरक्षित आहे. यादीतली चूक नमुना ८ भरून दुरुस्त होते; गावातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला गाठले की तोच भरून घेतो. खरी काळजी मतदानाच्या दिवशी घ्यावी. चिठ्ठीवरचा अनुक्रमांक स्वतः पाहावा आणि केंद्रावर नावाऐवजी तो क्रमांकच आधी सांगावा, कारण घाईत दुसऱ्या किरणच्या नावावर खूण होते. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असे सांगण्यात आले तर भांडत परत फिरू नये. ओळख पटवल्यावर केंद्राध्यक्ष आपल्याला कागदी मतपत्रिका देतात आणि ते मत वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. त्याला प्रदत्त मत म्हणतात. तो आपला हक्क आहे.

दवाखान्यात

येथे चूक झाली तर पैशांपेक्षा मोठे काही पणाला लागते, म्हणून कोठेही संकोच करू नये. रक्ताच्या तपासणीचा अहवाल हातात आला की नावाआधी वय आणि लिंग वाचावे. हिमोग्लोबिनचेच पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढ पुरुषात ते १३ ग्रॅमच्या खाली गेले तर रक्तक्षय समजतात आणि गरोदर नसलेल्या बाईत १२ ग्रॅमच्या खाली गेले तर. साडेबारा ग्रॅमचा अहवाल बाईसाठी ठीक आहे आणि पुरुषासाठी कमी. लिंग चुकीचे छापले तर डॉक्टरांचा निष्कर्षच बदलतो.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे गावात आणि आश्रमशाळांत त्याच्या तपासणीची शिबिरे होतात. तेथे एका दिवसात शंभर-दोनशे नमुने घेतले जातात आणि नळीवर फक्त नाव लिहिलेले असते. आपल्या नळीवर वय आणि 'पु.' किंवा 'स्त्री' हे आपल्यासमोर लिहून घ्यावे. वाहक असण्याचा निष्कर्ष लग्न जुळवताना विचारात घेतात, तेव्हा दुसऱ्याचा अहवाल आपल्या माथी पडणे परवडणारे नाही. शंका आली तर पुन्हा तपासणी मागावी.

शाळेत, आणि नाव ठेवताना

एकाच वर्गात मुलगा किरण आणि मुलगी किरण असतील तर मुले त्यांची जोडी लावून चिडवतात, आणि मोठी माणसे त्यात भर घालतात. शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात दोघांनाही नावासोबत आडनावाने किंवा वडिलांच्या नावाच्या आद्याक्षराने हाक मारण्याची सवय लावली तर चिडवणे लवकर विरते. 'मोठा किरण' आणि 'लहानी किरण' अशी विभागणी टाळावी. लहान म्हटलेल्या मुलीला ते दहावीपर्यंत पुरते. शाळेच्या नोंदवहीत लिंग किंवा नाव चुकले असेल तर ते मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्त करून घ्यावे, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर हीच दुरुस्ती फार जड जाते.

नवजात बाळाचे नाव ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच ठरलेले असण्याची गरज नाही. जन्मनोंदीत नाव १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. म्हणजे बारशाच्या गडबडीत ग्रामपंचायतीत धावण्यापेक्षा भावकीत त्या नावाचे कोण आहे, आणि त्याच्या वडिलांचे किंवा तिच्या नवऱ्याचे नाव काय, हे शांतपणे पाहायला वेळ आहे. दुसरी गोष्ट अशी की महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहिले जाते, तर विवाहित स्त्रीच्या नावाची जुनी रीत तशीच ठेवलेली आहे. त्यामुळे पुढच्या पिढीत मुलगा किरण चार शब्दांचा असेल आणि सून किरण तीन शब्दांची. माझ्या मते हा निर्णय आमच्यासारख्यांच्या फार कामाचा आहे, जरी तो आमच्यासाठी घेतलेला नसला. आई आणि वडील दोघांचेही नाव एकच असलेल्या बाळाच्या नावात मात्र मध्ये 'किरण किरण' येणारच. तेथे जन्माच्या दाखल्यावर दोन्ही शब्द आहेत ना, हे मोजून पाहावे.

नाव बदलायचेच असेल तर

मी ते केले नाही, आणि बहुतेकांना त्याची गरज पडत नाही असे माझे मत आहे. परंतु दोघांपैकी एकाला नोकरीत किंवा परदेशी जाताना वारंवार त्रास होत असेल, तर नावात थोडा बदल करून, जसे 'किरण' ऐवजी 'किरणकुमार' किंवा 'किरणमयी', तो महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येतो. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे ऑनलाइन करावा लागतो, आणि त्यात जुने नाव, नवे नाव व बदलाचे कारण द्यावे लागते. राजपत्राची प्रत आली की आधी आधार, नंतर पॅन आणि बँक, त्यानंतर मतदार यादी आणि शिधापत्रिका, आणि सर्वांत शेवटी जमिनीचे कागद या क्रमाने बदल करावेत. आधार जुन्याच नावाचे असताना बँकेत नवे नाव दिले तर पडताळणीतच अर्ज अडकतो. राजपत्राच्या निदान पाच प्रती छापून प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचे पाणी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात. जुन्या नावाचे कागद फेकू नयेत, कारण वारस नोंदीच्या वेळी जुना आणि नवा माणूस एकच आहे हे दाखवणारे प्रतिज्ञापत्र त्यांच्याच आधारावर करावे लागते.